समोरचे सारखे डिपर मारतात, ऑटो हाय बीम मनाला येईल तसं वागतं – काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

फोंड्याला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम. कॅमेरावाल्या गाड्या वाढल्यापासून गिऱ्हाईक येऊन एकच वाक्य बोलतं, "लाईट बरोबर नाय रे", आणि बरोबर नाही म्हणजे नक्की काय असं विचारलं की प्रत्येकाचं दुखणं वेगळं निघतं. बहुतेक वेळा बल्ब ठीक असतो, कॅमेरा ठीक असतो, वायरिंगही ठीक असतं, आणि तरी माणूस बल्ब बदलून आलेला असतो. म्हणून आधी लक्षण ओळखा, खिशात हात नंतर घाला.

लक्षणं साधारण ही:

– तुम्ही डिमवरच आहात तरी समोरून येणारे डिपर मारतात.
– ऑटो हाय बीम (समोर गाडी दिसली की लाईट स्वतःच अप्परवरून, म्हणजे लांबच्या झोतावरून, डिमवर आणणारी सोय) चालू आहे, डॅशवर खूण दिसते, पण लाईट कधी अप्पर होतच नाही.
– अप्पर होतो पण समोरची गाडी तोंडावर आली तरी खाली येत नाही, स्कूटर असेल तर हमखास.
– मोकळ्या रस्त्यावर उगाच वर-खाली, वर-खाली.
– पावसात किंवा भल्या पहाटे डॅशवर कॅमेरा झाकला गेलाय अशा अर्थाचा मेसेज येतो आणि थोड्या वेळाने आपोआप जातो.
– एका बाजूचा उजेड मंद, पिवळट.
– हेडलाईटच्या काचेत आतून वाफ धरते.

पहिलं लक्षण असेल तर बहुधा गाडीतला भार किंवा दिव्याची सेटिंग. मधली चार असतील तर बहुधा पुढची काच. शेवटची दोन म्हणजे दिवा आणि वायर. पण म्हणून सरळ तिथे उडी मारू नका, वरून खाली जा, वरची कामं फुकटात होतात आणि खालची होत नाहीत.

मुळात ती सोय तुमच्या गाडीत आहे का

हसू नका. खटक्यावर 'ऑटो' लिहिलेलं असलं म्हणजे ऑटो हाय बीम असतंच असं नाही. नुसत्या ऑटो हेडलाईटला काचेवर एक छोटा सेन्सर असतो, तो अंधार पडला की दिवे लावतो आणि उजाडलं की बंद करतो, संपलं त्याचं काम, अप्पर-डिपर त्याच्या हातात नाही. ऑटो हाय बीमला कॅमेरा लागतो. गाडीबाहेर उभं राहून मधल्या आरशाच्या मागे काचेला चिकटलेलं काळं हाऊसिंग बघा, त्यात पुढे तोंड करून बारकी लेन्स दिसली तर कॅमेरा आहे. डॅशवरही हेडलाईटच्या चित्राबरोबर 'ए' अक्षर असलेली वेगळी खूण येते. निळी खूण वेगळी, ती फक्त आत्ता अप्पर पेटलाय एवढंच सांगते.

म्हापशाच्या एका गृहस्थांनी नवी गाडी घेतली, मॉडेल मधलं, कॅमेरा नसलेलं, आणि शोरूममध्ये कोणीतरी "सगळं ऑटो आहे" म्हटलेलं यांनी मनावर घेतलं, आणि स्टिअरिंगजवळची अप्पर-डिपरची दांडी पुढे ढकलून हायवेवर अप्परमध्येच फिरत होते, समोरचे का ओरडतात कळेना. गाडीत काहीच बिघाड नव्हता.

खटका आणि दांडी

कॅमेरा आहे, मग पुढचं बघा. हेडलाईटचा खटका 'ऑटो'वरच हवा, नुसता हेडलाईटवर फिरवला तर बऱ्याच गाड्यांत ऑटो हाय बीम झोपतं. त्यानंतर दांडी. काही गाड्यांत दांडी पुढे ढकलली की ते चालू होतं, काहींत दांडीच्या टोकाला बटण असतं, काहींत स्क्रीनच्या मेनूत जाऊन एकदा चालू करावं लागतं आणि सर्व्हिसिंगला बॅटरी काढली की ते परत बंद झालेलं असू शकतं. आणि बहुतेक ठिकाणी तुम्ही हाताने अप्पर मारला की ऑटो सुटतं, गाडी समजते मालकाने ताबा घेतला. मॅन्युअल उघडा, पाच मिनिटांचं काम आहे, गाडी बदलली की हे सगळं बदलतं.

वेगाचंही बंधन असतं. बहुतेक गाड्यांत ताशी ३० ते ४० च्या पुढे गेल्याशिवाय अप्पर होत नाही, आणि वेग उतरला की परत डिम. गावातल्या वाड्यावरून २० ने जाताना "काम करत नाही" म्हणण्यात अर्थ नाही. तसंच रस्त्यावर दिवे असतील तर कॅमेरा डिमच ठेवतो. अटल सेतूवर, नव्या झुआरी पुलावर, पणजी-मडगाव शहरात ते अप्पर झालं नाही तर ते बरोबर चाललंय. तपासायचंच असेल तर खरा अंधार असलेला, सरळ आणि रिकामा रस्ता हवा, आमच्याकडे मोलेच्या बाजूला किंवा वाळपईकडे मिळतो.

काच. काच. काच.

इथे वेळ घालवा, अर्ध्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात.

कॅमेरा काचेच्या आत बसलेला आहे, त्याला दिसतं ते काचेतूनच दिसतं, म्हणजे काच मळली की त्याची नजर मळली. आणि गोव्यात काच मळायला कारणं कमी नाहीत. डिचोली, साखळी, कुडचडे बाजूला खनिजाच्या ट्रकांमागून गेलात की तांबडी धूळ बसते, ती सुकी असताना वायपर फिरवला की बारीक लाल पट्टा ओढला जातो. किनाऱ्याला राहणाऱ्यांच्या काचेवर खारी हवा बसते, दिवसा दिसत नाही, रात्री समोरून लाईट पडला की सगळी काच पांढरी होते. आंब्याच्या किंवा फणसाच्या झाडाखाली गाडी लावत असाल तर वरच्या भागात चिकट थेंब असतात, आणि कॅमेरा नेमका वरच्या भागात आहे. आपली नजर खालच्या अर्ध्या काचेतून जाते म्हणून आपल्याला काच स्वच्छ वाटते.

बाहेरून शाम्पूच्या पाण्याने नीट धुवा, धुताना आरशासमोरचा भाग मुद्दाम बोटाने चाचपून बघा, खडबडीत लागलं तर तिथे काहीतरी बसलंय.

पण खरी गोम आतून असते. डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापतं आणि त्याचा तेलकट थर काचेला आतून धरतो. त्यात डॅशवर ठेवलेला सेंटचा डबा, आणि आपले लोक गाडीत रोज अगरबत्ती फिरवतात, दसऱ्याला तर धूपही. तो धूर जातो कुठे? काचेवर. बोट ओढून बघा, रेघ उमटते. मायक्रोफायबरच्या फडक्यावर काच साफ करायचं लिक्विड घेऊन पुसा, थेट काचेवर फवारू नका, कॅमेऱ्याच्या हाऊसिंगमध्ये गेलं तर नवीन दुखणं. हाऊसिंग उघडायचं नाही, लेन्सला हात लावायचा नाही. हाऊसिंगच्या आतल्या काचेवर थर बसलाय असं दिसलं तर ते सर्व्हिस सेंटरवाल्याचं काम, स्क्रू दिसतात म्हणून काढू नका, कॅमेऱ्याचा कोन केसभर हलला तरी पुढे सगळं बिनसतं.

मग त्याच्यासमोर काय काय लावलंय ते बघा. फास्टॅग आरशामागे मध्यावर लावा असं सांगतात आणि लोक नेमका कॅमेऱ्याच्या तोंडासमोर लावतात, एक बोट बाजूला घेतला असता तरी चाललं असतं. डॅशकॅम, त्याची लोंबणारी वायर, काचेच्या वरच्या कडेला लावलेली रंगीत पट्टी, आरशाला बांधलेला हार. एकदा दसऱ्यानंतर आठवड्याने एक गाडी आली, तक्रार तीच, कॅमेरा झाकल्याचा मेसेज जात नाही. मालक दोन ठिकाणी दाखवून आलेले. झेंडूचा हार काढला होता पण त्याचा दोरा चिकटवलेली सेलोटेप काचेवर वरच तशीच होती, ऊन खाऊन पिवळी पडलेली, बरोबर लेन्ससमोर. नखाने काढली. पैसे घेतले नाहीत, घ्यायचे काय?

वायपरही यातच धरा. एप्रिल-मेच्या उन्हात रबर कडक होतं आणि पहिल्या पावसात काच पुसण्याऐवजी पाणी पसरवतं. ती पाण्याची कमान कॅमेऱ्यासमोर राहिली की समोरचा एक दिवा त्याला चार दिसतात, मग वर-खाली सुरू. मृग लागायच्या आधी ब्लेड बदला. आणि काचेत आतून वाफ धरत असेल तर एसी समोरच्या काचेवर सोडा, रिसर्क्युलेशन बंद करा. मेसेज पावसातच येतो आणि काच निवळली की जातो, तर तो बिघाड नाही, कॅमेरा खरं बोलतोय.

जे बिघाड नाही ते

हे नीट वाचा, कारण यासाठी गॅरेजला येऊन उपयोग नाही.

कॅमेऱ्याला वस्तू कळतात त्या त्यांच्या दिव्यांवरून. समोरचे पांढरे दिवे म्हणजे येणारी गाडी, लाल दिवे म्हणजे पुढे चाललेली गाडी, ओळीने दिवे म्हणजे वस्ती. जिथे दिवा नाही तिथे त्याच्या लेखी कोणीच नाही. चालणारा माणूस, सायकलवाला, रस्त्यात बसलेली गुरं, मोलेच्या जंगलात आडवा येणारा गवा, टेललाईट गेलेला ट्रक, यांच्यासाठी तो डिम करेल अशी आशा ठेवू नका. गुरं-गव्यांच्या बाबतीत अप्पर राहिलेला बरा, निदान लांबून दिसतात. पण माणसांचं तसं नाही. डिसेंबरात जुन्या गोव्याच्या फेस्ताला रात्रीचे लोक चालत जातात, लईराईच्या जत्रेला शिरगावच्या वाटेला गर्दी असते, तिथे झोत सरळ त्यांच्या डोळ्यांत जातो आणि त्यांना पायाखालचं दिसत नाही. तिथे हाताने डिम करा.

स्कूटरचं म्हणाल तर २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाईट कायम चालूच असतो, म्हणजे दिवा असतो, पण तो एकटा, बारीक, आणि पुष्कळदा चिखलाने माखलेला. लांबून असा एकच मिणमिणता दिवा म्हणजे गाडी की घराच्या पडवीतला बल्ब, हे कॅमेऱ्याला उशिरा उमजतं. गाडी जवळ आल्यावर तरी खाली येतं ना, मग ठीक आहे, तोवर तुमचा हात दांडीवर असू दे.

घाटात तर मी म्हणेन बंदच करा. चोर्ला, अनमोड, करमल, कुठलाही. वळणापलीकडची गाडी कॅमेऱ्याला दिसत नाही, वळण संपलं की दोघं समोरासमोर आणि तुमचा अप्पर पेटलेला, त्याला खाली यायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात समोरचा आंधळा. त्यात चोर्ल्याला पावसात धुकं असतं, धुक्यात अप्पर म्हणजे समोर पांढरी भिंत, तिथे डिम आणि असेल तर फॉग लाईट.

अजून एक, ६६ नंबर हायवेचं. पेडण्यापासून खाली बऱ्याच ठिकाणी मधे डिव्हायडर आहे, काही ठिकाणी त्यावर झाडं. समोरच्या ट्रकचे दिवे डिव्हायडरमागे झाकलेले राहतात पण ड्रायव्हर उंच बसलेला असतो, म्हणजे कॅमेऱ्याला ट्रक दिसत नाही आणि ट्रकवाल्याला तुमचा झोत पुरेपूर दिसतो. तो डिपर मारणारच. त्याचं बरोबर आहे. आणि नवे चकाकणारे बोर्ड, वळणावरचे रिफ्लेक्टर तुमचाच लाईट परत फेकतात, त्याला गाडी समजून लाईट खाली येतो, बोर्ड मागे पडला की वर जातो. हे सगळ्याच गाड्यांत थोडंफार होतं. काच स्वच्छ असून दर शंभर पावलांवर होत असेल तरच पुढे जा.

डिकीत काय भरलंय

आता पहिलं लक्षण, डिमवर असून समोरचे वैतागतात. डॅशच्या खाली किंवा स्टिअरिंगच्या डावी-उजवीकडे ० ते ३ आकडे असलेलं छोटं चाक असतं, कित्येकांना ते कशाचं ते माहीत नसतं. ते हेडलाईट खालीवर करायचं आहे. एकटा ड्रायव्हर असेल तर ०, मागे माणसं आणि डिकीत सामान असेल तसा आकडा वाढवायचा, आकडा वाढला की झोत खाली येतो. मागे वजन पडलं की गाडीचं ढुंगण खाली बसतं आणि तोंड वर होतं, मग तुमचा डिम हा समोरच्याच्या दृष्टीने अप्परच.

चवथीच्या आधीच्या दोन रात्री फोंडा-पणजी रस्त्यावर उभे राहा. माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांचं) सामान, नारळाची पोती, मागे तीन माणसं, मांडीवर पोर, आणि चाक शून्यावर. सगळ्यांचे लाईट झाडांच्या शेंड्यांवर. चाक २ वर घेतलं असतं तर विषय नव्हता. सामान उतरल्यावर परत ० करा, नाहीतर चार दिवसांनी "उजेडच पडत नाही" म्हणत याल, असे येतात.

बऱ्याच भारी एलईडीच्या गाड्यांत हे चाक नसतं, गाडी स्वतः करते, त्यासाठी मागच्या एक्सलजवळ सेन्सर आणि एक बारीक दांडा असतो. भार टाकूनही झोत हलत नसेल आणि डॅशवर हेडलाईटचा वॉर्निंग असेल तर तो दांडा तुटलाय किंवा सेन्सर गेलाय. तिथे थांबा, ते स्कॅनरवर बघायचं काम आहे.

भिंतीवरची तपासणी

हिला पैसे लागत नाहीत, फक्त सपाट जागा लागते, आणि आमच्याकडे सपाट जागा मिळणं हेच कठीण. गाडी रिकामी, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस, चाक शून्यावर. भिंतीपासून दिवा बरोबर १० मीटरवर येईल अशी गाडी सरळ उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा, तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारा. आता डिम लावा. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली पडायला हवी. हेडलाईटजवळ किंवा बॉनेटखाली स्टिकरवर १.० % किंवा १.२ % असं छापलेलं असतं, ते हेच, १ टक्का म्हणजे १० मीटरला १० सेंटिमीटर, १.२ म्हणजे १२. तेवढी जागा नसेल तर ५ मीटरवर निम्मं धरा.

कड डावीकडे थोडी वर चढलेली दिसेल, ती तशीच हवी, आपण डावीकडून चालवतो म्हणून कडेचा माणूस, मैलाचा दगड दिसावा यासाठी. उजवीकडे चढत असेल तर तो दिवा परदेशातल्या उजव्या बाजूच्या रस्त्यांसाठी बनवलेला आहे, स्वस्तात मिळाला म्हणून कोणीतरी बसवलाय, तो काढाच.

दोन्ही दिवे सारखेच वर असतील तर भार, चाक किंवा सस्पेन्शन. एकच वर असेल तर त्याच दिव्याचं काहीतरी, ब्रॅकेट तुटलाय (बंपरला हलका ठोका लागला तरी तुटतो आणि बाहेरून दिसत नाही) किंवा बल्ब वाकडा बसलाय. दिव्यामागे अॅडजस्ट करायचे स्क्रू असतात, खालीवरचा एक आणि डावी-उजवीचा एक, खालीवरचा अर्धा आटा फिरवून बघायला हरकत नाही, डावी-उजवीला हात लावू नका. अर्ध्या-एक आट्यात रेघेवर येत नसेल तर स्क्रू पिळत बसू नका, आतलं प्लास्टिक तुटतं आणि मग अख्खा दिवा बदलावा लागतो. ज्यांच्याकडे बीम सेट करायचं मशीन आहे त्यांच्याकडे न्या.

हे कायद्यातही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १०६. दिव्यापासून ८ मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत तो दिपून जाता कामा नये. म्हणजे थोडक्यात समोरून येणारा ड्रायव्हर.

बल्ब, आणि बाजारातलं एलईडी

हॅलोजनवाल्यांसाठी. एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा, एकाच काचेत दोन फिलामेंट, अप्पर आणि डिम. त्याच्या कॉलरला तीन दात असतात आणि एक रुंद असतो, म्हणजे तो एकाच तऱ्हेने बसतो, पण अंधारात, घाईत, दाबून बसवला की एक दात बाहेर राहतो आणि स्प्रिंग कशीबशी अडकते. मग झोत आकाशात. एका बाजूचा लाईट नवीन बल्बनंतर बिघडला असेल तर दुसरं काही शोधू नका, काढून परत बसवा. काचेला बोटं लावायची नाहीत, हाताचं तेल तापून तिथेच काच फुटते. आणि मागची रबरी टोपी विसरू नका. हेडलाईटमध्ये पाणी म्हणून आलेल्या गाड्यांची टोपी बघायची, ती मागच्या वेळी बल्ब बदलणाऱ्याकडेच राहिलेली असते. काचेत हलकी वाफ धरून दिवा लावल्यावर निघून जात असेल तर काळजी नको, आमच्या हवेत होतंच. तळाला पाणी हलताना दिसलं तर मात्र दिवा काढून बघावा लागेल.

काच बाहेरून पिवळी पडली असेल तर ते ऊन. ही काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, वरचा थर उन्हाने जातो. टूथपेस्टने चमकतं, पण थोडेच दिवस. पॉलिश करून वर यूव्हीचा थर देणाऱ्याकडून करून घ्या.

आता ते बाजारातलं एलईडी. हॅलोजनचा रिफ्लेक्टर फिलामेंट नेमकं जिथे असतं त्या जागेच्या हिशोबाने घडवलेला असतो. एलईडीच्या पट्टीवर उजेड दुसरीकडून निघतो, मग कड राहतच नाही, सगळीकडे फाकतो. गाडीतून बघणाऱ्याला मजा वाटते, जवळ लख्ख दिसतं, लांब काही नाही, आणि समोरच्याचे डोळे जातात. भिंतीवर लावून बघा, रेघ दिसत नाही, नुसता पांढरा ढग दिसतो. ९०/१०० वॅटचे बल्बही तसलेच, होल्डर वितळलेले मी काढून ठेवलेत, दाखवायला. मूळ बल्ब दोन-तीनशेत मिळतो, तो घाला, निम्म्या तक्रारी त्यानेच जातात. गाडीत कंपनीने करून न दिलेला बदल म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चाही प्रश्न येतो, पोलिसाने पकडलं तर माझं नाव सांगू नका.

फ्यूज, अर्थिंग, कपलर

दोन्ही डिम एकदम गेले तर आधी फ्यूज आणि रिले. (एक आधीच गेलेला आणि लक्षात न आलेला, असंही असतं.) फ्यूज त्याच अँपिअरचा घालायचा, परत उडाला तर तिसरा घालायचा नाही. कुठेतरी शॉर्ट आहे, वायर जळते, तिथे थांबा.

एकच बाजू मंद म्हणजे अर्थिंग (गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर) किंवा कपलर (दिव्याला वायर जोडणारा प्लग). किनाऱ्याच्या गाड्यांत कपलर उघडला की आत हिरवी पूड, पितळ खाल्लेलं. मल्टिमीटर असेल तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत, आणि दिवा पेटलेला असताना कपलरवर त्याहून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट नको. हॅलोजनला व्होल्टेज थोडं कमी पडलं तरी उजेड फार पडतो, १० टक्के व्होल्टेज कमी म्हणजे उजेड साधारण ३० टक्के कमी. म्हणून मंद दिवा दिसला की बल्ब महाग घेण्याआधी अर्थिंगचा नट सोडून घासून परत आवळा. बॅटरीची निगेटिव्ह काढून मगच.

झेनॉनच्या दिव्यांना हात लावूच नका, सुरू होताना त्यात वीसेक हजार व्होल्टचा झटका असतो. आणि सीलबंद एलईडीचा दिवा उघडून दुरुस्त करतो म्हणणाऱ्याकडे दिलात तर पुढच्या पावसात तो तळ्यासारखा भरून येईल.

कॅमेरा: इथे माझंही काम संपतं

काच स्वच्छ, दांडी बरोबर, भिंतीवर रेघ बरोबर, आणि तरी ऑटो हाय बीम चुकतं, तर एक प्रश्न: पुढची काच कधी बदलली का? खडी उडून तडा गेला, बदलली, आणि त्यानंतर सुरू झालं, तर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर नव्याने जुळवून घेणं, झालेलं नाही. नवी काच, नवा ब्रॅकेट, कॅमेरा किंचित वेगळ्या कोनात बसतो, आणि लांबवर तो किंचितपणा बराच होतो. कॅलिब्रेशन दोन तऱ्हेने होतं, काही गाड्यांत समोर ठराविक अंतरावर नक्षीचा बोर्ड उभा करून, काहींत स्कॅनर जोडून ठराविक वेगाने रस्त्यावर चालवून, काहींत दोन्ही. रस्त्याकडेच्या काचवाल्याकडे हे नसतं. माझ्याकडेही नाही.

लेन सुटल्याची सूचना किंवा आपोआप ब्रेक लागण्याची सोय त्याच वेळी बंद पडली असेल, सगळ्यांचे वॉर्निंग एकदम आले असतील, तर थांबा आणि सर्व्हिस सेंटर गाठा. पुष्कळ गाड्यांत तोच कॅमेरा ही सगळी कामं करतो, म्हणजे प्रश्न आता लाईटचा राहिलेला नाही. तोवर ऑटो बंद करून हाताने अप्पर-डिपर करा, गाडी चालते.

काच इन्शुरन्समधून बदलणार असाल तर कॅलिब्रेशनचा खर्च धरलाय का हे सर्व्हेयरला काम सुरू व्हायच्या आधी विचारा, नंतर वाद होतो. बिलावर कॅलिब्रेशन वेगळं लिहून घ्या, 'काच फिटिंग' एवढंच लिहिलं असेल तर झालेलं नाही असं धरा. आणि गाडी ताब्यात घेतली त्याच रात्री अंधाऱ्या सरळ रस्त्यावर एक फेरी मारा, समोरून एक-दोन गाड्या येऊ द्या, लाईट वेळेत खाली येतो का बघा, येत नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत न्या, महिन्याने नेलात तर काच बसवणारा तुमच्याच फास्टॅगला दोष देईल.